दोनशे बाराव्या डबीची माती

आक्कांच्या प्रयोगशाळेत चपला काढून सरळ आत जाता येत नाही. चपला काढायच्या, उलट्या करून ठेवायच्या आणि अनवाणी उभं राहायचं. मग आक्का आतून एक चपटा चमचा आणि तपकिरीची रिकामी डबी घेऊन येणार, पायरीवर बसणार, तळाला चिकटलेली माती खरवडून डबीत घेणार, कुठून कुठून चालत आलात ते विचारणार आणि मगच "या" म्हणणार. प्राचार्य असोत नाहीतर सिलिंडरवाला असो, कुणाची सुटका नाही. एका नगरसेवकांनी बूट काढायला नकार दिला, तेव्हा आक्कांनी त्यांना खुर्चीत बसवून पाय वर करायला लावले आणि बुटांसकट खरवडलं. ते पुन्हा कधी फिरकले नाहीत, पण त्यांची डबी आहे. क्रमांक एकशे एकोणीस.

अशा तीनशे चाळीस डब्या कपाटात ओळीने लावलेल्या आहेत. डब्या निपाणीकडच्या. आक्कांचे वडील तपकीर ओढायचे. ते गेल्यावर घरात पोतंभर रिकाम्या डब्या निघाल्या, त्या तेवढ्या आक्का बेळगावला घेऊन आल्या. बाकीच्या वाटणीचं काय झालं असं कुणी विचारलं, की त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या. प्रत्येक डबीवर चिठ्ठी असते: 'पोस्टमन, वडगाव', 'सहनाची आई, गोकाक', 'मारुती, शहापूर, पावसात'. हा शेवटचा मारुती म्हणजे मी.

मी बेळगावातल्या शहापूरच्या विणकराच्या घरातला. वडिलांचे माग होते, पुढे ते विकावे लागले, आणि मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून चिकटलो. मुलाखतीला समोर डॉक्टर सुमन बसल्या होत्या. डॉक्टर म्हणजे जीवाणूंच्या. पण त्यांना डॉक्टर किंवा मॅडम म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळे आक्का म्हणतात. परदेशात शिकून आलेली ही बाई बोलते मात्र अजून गावच्यासारखीच. आमच्याकडच्या बायका स्वतःला 'येतो, जातो' म्हणतात, तशा आक्कासुद्धा मोठमोठ्या परिषदांतून उठताना "येतो मी" म्हणूनच उठतात.

मुलाखतीत मी घाबरलेला. जीवाणूंविषयी मला काय कळणार? आक्कांनी विचारलं, तुझ्या बापाच्या मागावर नक्षी कुठं असते? मी सांगितलं, पुठ्ठ्यांत. मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, कुठला धागा उचलायचा ते भोकं ठरवतात आणि काठावर मोर उमटतो. माग नुसता हलत असतो.

"मग तुला सगळं येतंय की," आक्का म्हणाल्या. "मातीतल्या जीवाणूच्या पोटात अशाच माळा असत्यात. शेजाऱ्याला मारायचं इख कसं करायचं ते त्यात लिवलेलं असतंय. पण निम्म्या माळा त्यो कधी मागावर चढवतच न्हाय. आपण ती माळ काढायची आन् दुसऱ्या, चालत्या मागावर चढवायची. बघायचं काय नक्षी येती."

गेली एकोणीस वर्षं आम्ही एवढंच करतो आहोत. जीवाणू जागेसाठी एकमेकांवर विष सोडतात, त्यातलं एखादं माणसाच्या कामाचं निघतं. त्याला आपण अँटिबायोटिक म्हणतो आणि साधी सर्दी झाली तरी खातो. खाऊन खाऊन आता रोगाचे जंतू असे निर्ढावलेत की जुन्या औषधांना भीक घालत नाहीत. म्हणून नवी विषं हवीत आणि म्हणून आक्का लोकांच्या चपला खरवडतात.

न वापरलेल्या त्या माळांविषयी आक्कांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "झोपलंय, मेलं न्हाय." ते त्या जीवाणूंपुरतं ठेवत्या तर बरं झालं असतं. पण स्कूटर बंद पडली तरी झोपलंय, मेलं न्हाय. प्राचार्यांच्या टेबलावर वर्षभर पडलेली फाईल, शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी, नळाचं पाणी, सगळं झोपलंय. आमचे हेडक्लार्क वारले तेव्हा आक्का स्मशानात त्यांच्या मातीला आल्या होत्या. त्या तोंड उघडतील ह्या धास्तीने मी सारा वेळ त्यांना चिकटून उभा होतो.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी एक फेटेवाले गृहस्थ आले. साठीचे, काळेसावळे, हातात कापडी पिशवी. आक्का आहेत का म्हणाले. आक्का आत काचेच्या पेटीत हात घालून बसलेल्या होत्या, अशा वेळी त्या देवालाही उठत नाहीत. मी सांगितलं, अर्धा तास लागेल. ते पायरीवर बसले. मी बाहेर आलो तेव्हा पिशवी होती, माणूस नव्हता. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. नाव सांगितलं नव्हतं. मी आक्कांना हकीकत सांगितली तशा त्या हातमोज्यांसकट बाहेर आल्या, शेंगांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि मग खाली बसून त्यांनी ती रिकामी पायरी खरवडली. चपला नाहीत, माणूस नाही, नुसती पायरी. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की बाईचं आता कठीण आहे.

त्या डबीवर नाव नाही. चिठ्ठीवर नुसतं 'पायरी' लिहिलंय. क्रमांक दोनशे बारा.

आणि नेमकी तीच डबी लागली. त्या चिमूटभर मातीतून एक हळूबाई जीवाणू निघाला, वाढायला तीन-तीन आठवडे घेणारा. त्याच्या पोटात आजवर कुणी न पाहिलेली माळ सापडली. सहना नावाची आमची संशोधक मुलगी आहे, गोकाककडची, कानडीत विचार करते आणि मराठीत भांडते. तिने दीड वर्ष खपून ती माळ एका माणसाळलेल्या जीवाणूत चढवली. मग आम्ही दवाखान्यातल्या एका जखमेतला जंतू बशीत पसरला, ज्याच्यावर कुठलंच औषध चालत नव्हतं, आणि मधोमध आमच्या जीवाणूचा थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. त्या कड्यात एकही जंतू उरला नव्हता. पुन्हा केलं, पुन्हा कडं. आक्का त्या दिवशी काचेच्या पेटीकडे फिरकल्याच नाहीत. दिवसभर बशी हातात घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या.

आता माझी चूक.

शहापुरात खंडेनवमीला एकही माग चालत नाही. माग पुसायचा, तेल द्यायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर खटखट करणाऱ्याला एक दिवस विसावा. त्या दिवशी यंत्र चालवलं तर ते वर्षभर रुसतं, असं वडील सांगायचे. माग गेले, पण हे माझ्या हाडात राहिलं. प्रयोगशाळेतही दर वर्षी मी यंत्रांची पूजा करतो आणि ती बंद ठेवतो. उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीज तेवढा सोडून. सगळे जीवाणू त्यात असतात. त्याला बंद करायचं नाही हे मला झोपेतही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आक्का बेंगळूरला, आमच्या कामाला पैसे देणाऱ्या समितीपुढे बोलायला गेल्या होत्या आणि दसऱ्याच्या गर्दीत परतीचं तिकीट न मिळाल्याने तिथंच अडकल्या. सहना घरी गेलेली. मी एकटाच होतो. श्रावणात आमचा विजेचा बोर्ड बदलला होता. जुन्या बोर्डावर फ्रीजचं बटण वर, एकटं होतं. नव्यावर सगळी बटणं एका ओळीत. मी भक्तिभावाने एकेक यंत्र निजवलं, एकेक बटण खाली केलं, शेवटी बोर्डालाही हळदीकुंकू लावलं, हात जोडले आणि कुलूप घालून घरी जाऊन श्रीखंड खाल्लं. फ्रीजची घंटा रिकाम्या खोलीत वाजत राहिली असणार, तिची बॅटरी संपेपर्यंत.

नवमी, दसरा आणि त्याला जोडून सुट्टी. चौथ्या दिवशी दार उघडलं तर फ्रीजखाली पाणी.

सहना आली, तिने दार उघडून आत हात घातला आणि तशीच फरशीवर बसली. तासाभराने आक्का बस स्टँडवरून थेट आल्या. त्यांच्याकडे बातमी होती: डिसेंबरच्या शेवटी समिती येणार, कडं डोळ्यांनी बघणार. दिसलं तर काम आणखी दोन वर्षं चालणार. नाही दिसलं तर त्याच महिन्यात आक्का निवृत्त होत होत्या, आणि त्यांच्यामागे प्रयोगशाळेला कुलूप. हे सांगता सांगता त्यांनी पाणी बघितलं आणि मग बोर्ड बघितला. पुरावा मीच स्वतःच्या हाताने, अक्षता टाकून ठेवला होता.

"मारुतीराव," आक्का म्हणाल्या, "पूजा चांगली झाली."

आक्का खूश असल्या की मी मारुत्या असतो. चिडल्या की मारुती. मारुतीराव मी एकोणीस वर्षांत प्रथमच झालो. मी म्हणालो, आक्का, माझ्या हातनं झालं. त्या म्हणाल्या, दिसतंय की, बोर्डानं काय आपलं आपण कुंकू लावून घेतलं व्हय? आणि कामाला लागल्या. दुपारी त्यांनी बेंगळूरला फोन केला. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. कानडीत त्यांनी एवढंच सांगितलं, 'बोर्ड माझ्यादेखत बदलला, बटणांची खातरजमा करायची जबाबदारी माझी होती, ती मी केली नाही.' माझं नाव आलं नाही. मला संडासात जाऊन रडावं लागलं.

मग वाट बघणं सुरू झालं. वितळलेल्या कुप्यांतला थेंब थेंब बशांवर ओढला. सहनाने माळ चढवलेला जीवाणू एका रांगेत, मूळचा हळूबाई दुसऱ्या रांगेत, आणि दोनशे बाराव्या डबीत उरलेली चिमूटभर माती तिसऱ्या रांगेत. त्या चिमटीवरून वाद झाला. सहनाला सगळी हवी होती. आक्कांनी निम्मीच दिली आणि डबीचं झाकण लावून ती आपल्या खणात टाकली. सहना कानडीत फणफणली. एवढं सगळं बुडत असताना ही बाई अर्धी चिमूट माती कशाला राखून ठेवते, हे मलाही कळेना.

चौथ्या दिवशी पहिल्या रांगेत ठिपके उगवले. सहना नाचली. सहाव्या दिवशी तपासलं तर कडं नाही. पुन्हा तपासलं, नाही. त्या गरम दिवसांत आमच्या माणसाळलेल्या जीवाणूने अंगावरची परकी माळ टाकून दिली होती. ओझं नकोसं झालं की टाकतात ते. माळेचं वाचन संगणकात होतं, पण मधेमधे उंदराने कुरतडल्यासारख्या जागा सुटलेल्या, त्यामुळे नवी माळ ओवून घेता येत नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या मातीतून नुसतीच बुरशी आली. आता मूळचा जीवाणू जागा झाला तरच.

आक्का रोज सकाळी दुसरी रांग उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, झोपलंय. मी मनात म्हणायचो, मेलं नाही. सातवा दिवस, आठवा, नववा. सहनाने भांडणं सोडलं होतं. मी जेवणाचा डबा तसाच परत नेत होतो. वाढायला तीन आठवडे घेणारा जीव असला तरी दहाव्या दिवशी भिंगाखाली काहीतरी हलकंसं दिसायला हवं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दहाव्या दिवशी आक्कांनी बशी उजेडात धरली, बराच वेळ धरली आणि काही न बोलता खाली ठेवली. त्यांच्या त्या वाक्याचा मला एकोणीस वर्षं कंटाळा आला होता. ते आलं नाही तेव्हा मी ते ऐकायला तिथंच थांबलो.

सहना म्हणाली, ती माती जिथली आहे तिथून नवी आणू. कुठली आहे ती? आक्का म्हणाल्या, मला काय म्हाईत, पायरीवरची हाय. हे सरळ खोटं होतं. मातीचा नुसता वास घेऊन 'ही खानापूरची तांबडी, ही चिकोडीची काळी' सांगणारी बाई ती. आणि तेव्हा मला शेंगांची पिशवी आठवली. मी विचारलं, "आक्का, त्या दिवशीचे फेटेवाले कोण?"

आक्कांनी खण उघडला, डबी काढली, हातात फिरवली. "भाऊ हाय माझा," म्हणाल्या. "थोरला."

मग जे कळलं ते असं. वडील वारल्यावर आमच्याकडे बहिणींनी हक्कसोड करून द्यायची रीत आहे. कागद पुढे येतो, बहीण सही करते, भाऊ साडी देतो, सगळे जेवतात. आक्कांनी सही केली नाही. जमीन हवी होती म्हणून नव्हे. आधी न विचारता, जेवणाच्या पंगतीत, चारचौघांसमोर कागद पुढे केला म्हणून. लेक म्हणून माझं नाव बापाच्या जमिनीवर असू दे, मी एक ढेकूळसुद्धा मागायला येणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि डब्यांचं पोतं घेऊन निघाल्या. भाऊ त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि चौदा वर्षं दोघे बोलले नाहीत. चौदा भाऊबीजा कोरड्या गेल्या. मधे फक्त ती शेंगांची पिशवी.

"त्याची चार रानं हाईत," आक्का म्हणाल्या. "कुठल्या रानातनं चालत आलता ते त्येलाच ठावं. चार रानं चाळाय बसलो तर जानेवारी उजाडंल."

सहना म्हणाली, मग विचारा. फोन करा. आक्कांकडे नंबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आणि मी त्यांच्या गावाकडच्या, निपाणीच्या बसमध्ये बसलो. आक्कांच्या मांडीवर चाळीस रिकाम्या डब्यांची पेटी, निर्जंतुक चमच्यांचं पुडकं. वाटेत त्यांनी डब्या दोनदा मोजल्या. निपाणी आली, मी उठलो. आक्का बसूनच राहिल्या. कंडक्टरने दोनदा पुकारलं. आक्का म्हणाल्या, पुढं जाऊ. पुढं कुठं? पुढं. बस कोल्हापूरकडे निघाली आणि कोगनोळीच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर थांबली. तपासणीला पोलीस चढला. पेटीत काय आहे म्हणाला. आक्का म्हणाल्या, काही नाही. उघडली तर खरंच चाळीस डब्यांत काही नाही. रिकाम्या डब्या कुठं नेताय? माती आणायला. कुठली माती? तशा आक्का त्याच्या बुटांकडे बघू लागल्या, आणि मला कळलं की आता काय होणार. पाच मिनिटांनी रस्त्याकडेला तो पोलीस एका पायावर उभा होता आणि दुसरा बूट आक्कांच्या हातात होता. बस निघून गेली.

आक्कांनी फार सावकाश खरवडलं. मग चिठ्ठी लिहिली. मग तिथल्या दगडावर बसल्या. जीवाणूंना न घाबरणारी बाई, पण चिठ्ठी डबीवर उलटी चिकटवली होती.

"त्यो न्हाय म्हणला तर?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आक्का, झोपलंय. मेलं न्हाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता नोकरी गेली. मग उठल्या, चपलेत पाय घातले आणि म्हणाल्या, "चल मारुत्या. रिक्षा बघ."

घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात सोयाबीनची रास पडलेली, आणि तेच फेटेवाले, आक्कांचे थोरले अण्णा, चाळणी घेऊन बसलेले. आम्हाला बघून चाळणी थांबली. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या आणि तांब्या हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. सहनाचं दीड वर्ष, ते कडं, दवाखान्यातला तो कुणी जखमी माणूस, माझं पाप, सगळं त्या अंगणात येऊन उभं होतं.

आक्कांनी रामराम केला नाही, कसा आहेस विचारलं नाही. पेटी छातीशी धरून एका दमात म्हणाल्या, "चार वर्सांमागं माझ्या पायरीवर बसलातास. त्या दिवशी कुठल्या रानातनं आलतास?"

अण्णांनी शेजारी एक पोतं पसरलं. "बस की आधी."

"आधी सांग."

"तुझ्या रानातनं."

"माझं कुठलं रान?"

"वढ्याकडंचं. सही केली न्हाईस न्हवं तू? चारांतलं एक तुझं." त्यांनी चाळणी खाली ठेवली. "नांगरतो, कुळवतो. आज सकाळीबी तिथंच हुतो. पेरत न्हाय. मालकिणीला इचारल्याबिगर कसं पेरू? तेच इचाराय आलतो त्या दिवशी."

"मग इचारलं का न्हाईस?"

"अर्धा तास बसलो," अण्णा म्हणाले. "जमलं न्हाय."

चौदा वर्षं ओढ्याकाठच्या त्या रानात तंबाखू नाही, खत नाही, औषधाची फवारणी नाही. मोकळी, नांगरलेली काळी माती. इतका नाजूक जीवाणू बाकी कुणाच्याच चपलेला का सापडला नाही, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आक्कांनाही कळलं असणार, कारण त्यांनी लगेच पुडकं फोडून चमचा काढला. अण्णा त्याच रानाकडून आले होते आणि पायांत चपला तशाच होत्या. आक्का पुढे झाल्या आणि त्यांच्या पायांशी खाली वाकल्या.

अण्णांना काय माहीत चमच्याचं? बहीण पाया पडते आहे असं त्यांना वाटलं. ते गडबडले, आणि मग त्यांनी आपला मातीचा हात आक्कांच्या डोक्यावर ठेवला.

आक्का तशाच वाकून राहिल्या. चमचा चपलेला टेकलेला, पण हलत नव्हता. उघडी डबी जमिनीवर पडली होती. मी वहिनींकडे बघितलं, त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, म्हणून मी सोयाबीनकडे बघत राहिलो.

"भाऊबीजेला अजून आठ दिस हाईत," थोड्या वेळाने अण्णा म्हणाले. "आधीच आलीस."

"कामाला आलोय," आक्का खालूनच म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. "वढ्याकडंच्या चार सऱ्या तशाच ठेव. बाकीचं पेर. आन् तंबाखू नगं, सोयाबीन कर."

"बघू," अण्णा म्हणाले.

आम्ही चाळीसच्या चाळीस डब्या भरून आणल्या. हळूबाई सदतिसाव्या डबीत निघाला, तेही एकविसाव्या दिवशी, जेव्हा सहना बशा फेकायला निघाली होती. माळ तिने ह्या वेळी साडेतीन आठवड्यांत चढवली, घरी न जाता. समिती यायच्या आधी चार दिवस कडं दिसलं. पहिल्यापेक्षा लहान, पण स्वच्छ. त्याचं औषध होईल का, हे कुणालाच सांगता येत नाही. आक्का म्हणतात, दहा वर्षं तरी, आणि असली बहुतेक वाटेतच गळतात. पण काम चालू राहिलं. आक्का कागदावर निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नेहमीसारख्या आल्या. मोठ्या फ्रीजच्या बटणावर आता लोखंडी झाकण आहे. त्याला हळदीकुंकू लावायची मला परवानगी आहे, उघडायची नाही.

अण्णा महिन्यातून एकदा येतात. शेंगांची पिशवी असते. आत या म्हटलं तर येत नाहीत, पायरीवरच बसतात, चपला काढून उलट्या ठेवतात. आक्का काचेच्या पेटीतून हात काढून बाहेर येतात, चमचा आणि डबी घेऊन शेजारी बसतात. कुणाच्याही चपला त्यांना दोन मिनिटांच्या. ह्या एका जोडीला अर्धा-पाऊण तास लागतो. बोलतात फार थोडं. कधी पावसाचं, कधी वहिनींच्या गुडघ्याचं.

परवा सहना बाहेर आली आणि म्हणाली, आक्का, त्या रानातल्या मातीच्या चाळीस डब्या आहेत आपल्याकडे, आता आणखी कशाला?

आक्कांनी मान वर केली नाही. चमचा चालूच होता, आणि चपलेला माती केव्हाच उरली नव्हती.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "झालं म्हणलं की उठंल त्यो."